जुडगा

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तीही रेल्वे फाटकावर.
तातो म्हणाला, बॅटरी.
मी म्हटलं, बॅटरी नाही,
किल्लीमागचा स्विच गेलाय.
खड्डा आला की दिवे जातात,
जुडगा जरा उचलून धरला की परत येतात.
"मग मी धरून चालवीन," म्हणाला तातो.
एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात किल्ल्या,
वय एकोणऐंशी, बाहेर उणे एकतीस.

स्विच यॉर्कटनहून टपालाने आला,
काडेपेटीपेक्षा थोडा मोठा खोका.
गॅरेजात हीटर लावला.
तो फक्त माझा डावा गुडघा तापवतो.

दहाचा पाना. आधी बॅटरीची उणे तार सोडायची,
मग थांबायचं. एअरबॅगमध्ये अजून धुगधुगी असते,
दहा मिनिटं जाऊ द्यावी लागतात.
ती दहा मिनिटं आम्ही दोघं पुढच्या सीटांवर,
समोर गॅरेजची भिंत, तिच्यावर बर्फाचं फावडं.
तातोने सवयीने पट्टा लावला.

स्टिअरिंगखाली तीन स्क्रू.
दोन निमूट निघाले.
तिसऱ्याची खाच कुणीतरी पूर्वीच झिजवून ठेवलेली.
कुणीतरी शेजारी बसून
खिडकीबाहेर बघत होतं.

पक्कड, थोडं तेल, दोन शिव्या
(एक युक्रेनियन, आजीची).
प्लास्टिकची दोन टरफलं सुटली
आणि आतून वायरी बाहेर आल्या,
लाल, जांभळी, एक अगदी पोपटी,
वीस वर्षं उन्हाचं तोंड न पाहिलेली.

आता किल्ली अर्ध्यावर वळवून ठेवायची,
खालच्या भोकात बारीक सळई दाबायची,
की अख्खं कुलूप हातात येतं.
पण जुडगा मध्ये मध्ये येत होता,
मनगटावर आपटत होता.
"तातो, गाडीची तेवढी काढून दे."

त्याने हातमोजे काढले.
कडी नखाने उघडायला वेळ लागला.
एकेक किल्ली डॅशबोर्डवर ठेवत गेला,
मी न विचारता नावं सांगत:
शाळेचं बॉयलरघर. अकरा मुलं उरली तेव्हा बंद झालं.
कर्लिंगचं मैदान. त्याचं छप्पर बसलं.
धान्याचं कोठार. ते पाडायला तीन तास लागले,
मी उभा होतो.
चर्चमधलं मेणबत्त्यांचं कपाट.
पारास्का काकूचं मागचं दार,
ती लेकीकडे जायची तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला.
"ती आता कुठेच जात नाही," तो म्हणाला,
आणि ती किल्ली जरा बाजूला ठेवली.
एक कशाची ते त्यालाही आठवेना.
तीही टाकायची नव्हती.

जुना स्विच मी दाढ उपटावी तसा ओढला.
आत तांब्याची पट्टी काळी, एका बाजूला वाकलेली.
"हे बघ," मी म्हटलं, "वजनाने झालंय.
गाडी पळाली की सगळं लोंबकळतं
आणि हीच जागा झिजते."
तो आत गेला,
आईचा पिठाचा काटा घेऊन आला.
चारशे दहा ग्रॅम.
"जास्त नाही," म्हणाला.

नवा स्विच टक् करून बसला.
प्लग, कुलूप, टरफलं, दोनच स्क्रू,
तिसरा मी शेवग्याच्या शेंगेसारखा चघळून आलेला
फेकून दिला. उणे तार.
किल्ली एकटी, हलकी, जणू दुसऱ्या कुणाच्या गाडीची.
पहिल्याच वळणाला इंजिन लागलं.
रेडिओवर मोहरीचा भाव चालू होता, मध्येच, वाक्याच्या अर्ध्यातून.

तातोने बाकीच्या पुन्हा कडीत ओवल्या.
गॅरेजात खिळा आहे, मी दाखवला.
खिळ्याकडे त्याने पाहिलं,
आणि जुडगा कोटाच्या उजव्या खिशात सोडला.

रविवारी चर्चच्या पायऱ्या चढताना
तो किंचित उजवीकडे कलत होता.
बर्फामुळे, म्हणाला.
खिशाचं अस्तर उसवायला लागलंय.
जाड दोरा मी आणून ठेवलाय.
तो मागतो का, ते बघतेय.